दुसऱ्या क्रमांकावरून थेट अठरावा

हार्वर्ड मोठं की स्टॅनफर्ड, हा वाद अमेरिकेत जुनाच. ‘यू. एस. न्यूज’ साप्ताहिकाने १९८३ साली पहिली क्रमवारी छापली आणि त्याला आकड्यांचं बळ मिळालं. ती यादी महाविद्यालयांच्या अध्यक्षांच्या मतांवर बेतलेली होती. म्हणजे मोजला गेला तो नावलौकिकच. ‘आयव्ही लीग’ हे बिरुदसुद्धा मुळात आठ विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेचं. स्टॅनफर्ड आणि एमआयटी त्यात नाहीत.

पुढे वर्गांच्या आकारासारखे निकष आले. २०२२ मध्ये कोलंबिया विद्यापीठातले गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी आपल्याच संस्थेचे आकडे तपासायला घेतले. मोठं धाडसाचं काम! वीसपेक्षा कमी विद्यार्थ्यांचे वर्ग ८२.५ टक्के असल्याचा दावा होता. नंतर विद्यापीठानेच जाहीर केलेला आकडा निघाला सुमारे ५७ टक्के. दुसऱ्या क्रमांकावरची संस्था त्याच वर्षी अठराव्यावर घसरली.

शिक्षक तेच, ग्रंथालयं तीच.

१९१३ साली बाबासाहेब आंबेडकर याच कोलंबियात दाखल झाले, तेव्हा अशी यादी नव्हती. तिथे त्यांना जॉन ड्यूई, एडविन सेलिग्मन यांच्यासारखे शिक्षक लाभले. मुलांना अमेरिकेत पाठवणाऱ्या पालकांनीही क्रमांक पाहण्याआधी, आपला विषय तिथे कोण शिकवतं, हे विचारावं.