नळी आणि नेम (भाग ४) : शिशाची गोळी

जालन्याचा मस्तगड काबिलखानाने १७२५ साली बांधला. त्या काळी बंदुकीची गोळी म्हणजे वितळवून साच्यात ओतलेले शिसे. पुढे २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातल्या असईला वेलस्लीची ब्रिटिश फौज शिंदे-भोसल्यांशी भिडली. वेलस्लीच्या शिपायांकडच्या ‘ब्राउन बेस’ बंदुकीची नळी आतून सुमारे १९ मिलिमीटरची, गोळी मात्र जेमतेम साडेसतरा. ही फट मुद्दाम ठेवलेली असे, कारण दारूच्या काजळीने नळी बरबटली तरी पुढची गोळी झटकन आत सरकायला हवी. त्यापायी नेम जाई. गोळी नळीत इकडेतिकडे आपटत सुटायची आणि शेवटचा धक्का देईल तिकडे जायची.

जुन्या स्पर्धा-रायफलींसाठी आजही गोळ्या ओतणारे परदेशातले शौकीन सगळी मेहनत घेतात ती हीच फट मिटवायला. (भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे.) ते आधी नळी मोजतात. रायफलीच्या नळीत आतून कोरलेल्या पीळदार खाचांच्या व्यासापेक्षा गोळी केसभर, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा-पन्नासावा हिस्सा जाड ठेवली की ती खाचांत घट्ट बसते, मागचा वायू निसटत नाही आणि गोळीला पुरती फिरकी मिळते.

शुद्ध शिसे मऊ. वेग वाढला की ते नळीला चिकटू लागते, म्हणून त्यात कथील मिसळतात. १८७१ साली ब्रिटिश सैन्यात आलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीत बारा भाग शिशाला एक भाग कथील असे. साचा पुरेसा तापलेला नसेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात. आत हवेची पोकळी राहिली तर तिचा तोल ढळतो आणि फिरताना ती डगमगते, म्हणून प्रत्येक गोळी तोलायची. सगळ्यात बारकाईने तपासायचे ते बूड. नळीतून ते शेवटी बाहेर पडते. त्याची कड एका बाजूला जरी तुटकी असली, तरी वायू तिथून आधी सुटतो आणि गोळीला तिरका रेटा देतो.

त्याखेरीज वंगण हवेच. एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांना चरबी लावत ती गोळी नळीत सहज उतरावी आणि काजळी मऊ राहावी म्हणून. ती चरबी गाय-डुकराची आहे या बातमीने १८५७ साली छावण्या पेटल्या. तांत्रिक गरज साधी होती, पण ती भागवणाऱ्यांनी शिपायाच्या धर्माचा विचार केला नाही.

शिशाची गोळी आजही पदके जिंकते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, तो प्रकार पॉइंट टू-टू रायफलीचा. त्यातली गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, शिशाची आणि वंगण लावलेलीच असते. पन्नास मीटरवरचे दहा गुणांचे वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचे. एकाच कंपनीच्या काडतुसांतही घाण्यागणिक फरक पडतो. म्हणून मोठ्या स्पर्धांचे नेमबाज रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या घाण्यांची काडतुसे झाडून बघतात. ज्या घाण्याची छिद्रे सर्वांत जवळजवळ पडतील, त्याचीच पेटी घेतात.

पुढील भागात : दारूचे माप आणि गोळीचा वेग.