काळजीवाहू मुख्यमंत्री म्हणजे नेमके काय? अधिकार किती, मर्यादा कोणत्या?

विधानसभा निवडणुकीनंतर एकनाथ शिंदे यांनी २६ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीनामा दिला. देवेंद्र फडणवीस यांचा शपथविधी झाला ५ डिसेंबरला. मधल्या काळात शिंदे 'काळजीवाहू मुख्यमंत्री' होते. बातम्यांत हमखास दिसणाऱ्या या शब्दाचा अर्थ काय?

शब्दाचा अर्थ
माल वाहून नेते ते मालवाहू जहाज, तसा काळजी वाहणारा तो काळजीवाहू. इंग्रजीतील 'केअरटेकर'साठी राजकारणात हा शब्द रुळला. रुग्णांची किंवा वृद्धांची देखभाल करणाऱ्यांना मात्र 'काळजीवाहक' म्हटले जाते.

राज्यघटनेत काय?
'काळजीवाहू सरकार' हा शब्द राज्यघटनेत नाही. कलम १६३ नुसार राज्यपालांना सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असते. त्यामुळे राजीनामा स्वीकारतानाच, पर्यायी व्यवस्था होईपर्यंत काम पाहण्यास राज्यपाल सांगतात. लोकसभा विसर्जित झाली तरी केंद्रात मंत्रिमंडळ असणे आवश्यक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये स्पष्ट केले होते.

अधिकार किती?
पगार, कायदा-सुव्यवस्था, आपत्तीतील मदत अशी कामे थांबत नाहीत. मात्र नव्या योजना, मोठे धोरणात्मक निर्णय आणि महत्त्वाच्या नियुक्त्या टाळाव्यात, असा संकेत आहे. चरणसिंग यांनी ऑगस्ट १९७९ मध्ये राजीनामा दिल्यानंतर त्यांचे सरकार जानेवारी १९८० पर्यंत काळजीवाहू होते. तेव्हा कोलकाता उच्च न्यायालयानेही, अशा सरकारने दैनंदिन कारभारापुरते मर्यादित राहावे, अशी भूमिका घेतली होती.

हा काळ किती?
राज्यघटनेत ठरावीक मुदत नाही. २०१९ मध्ये फडणवीस यांनी ८ नोव्हेंबरला राजीनामा दिला. सरकार स्थापन न झाल्याने १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि काळजीवाहू पर्व चार दिवसांत संपले.

मग लक्ष कशाकडे द्यायचे?
आचारसंहिता निवडणूक प्रक्रियेबरोबर संपते. त्यानंतर काळजीवाहू सरकारला रोखणारी, काय करावे आणि काय करू नये याची यादी कोणत्याही कायद्यात नाही. म्हणूनच या दिवसांत निघणारे शासन निर्णय, निविदा आणि बदल्यांचे आदेश नागरिकांनी बारकाईने पाहायला हवेत. काळजी वाहण्याची जबाबदारी असलेल्याने पुढच्या सरकारवर नवे ओझे टाकू नये, एवढीच या शब्दामागची अपेक्षा आहे.