घोणशीचे विष आणि मेदाचे निरोप

शिरूर-दौंडच्या उसाच्या पट्ट्यात घोणस चावली की थोड्याच वेळात पाय सुजून ठणकू लागतो. दोष आपण विषाला देतो. पण ठणक्याचा बराच भाग आपल्याच पेशींचा असतो. पेशीचे आवरण दुपदरी मेदाचे. ते नुसते कुंपण नाही, न पाठवलेल्या निरोपांचा साठाही तिथेच असतो. विषातले फॉस्फोलायपेज हे विकर या मेदरेणूंची एक शेपटी तोडते. त्यातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल सुटते, पेशी त्याची प्रोस्टाग्लँडिने बनवते आणि ती शेजारच्या पेशींना, मज्जातंतूंना इजेची वर्दी देतात. (असले विकर आपल्या शरीरातही असतेच.) अ‍ॅस्पिरिन ही घडण रोखते, हे जॉन वेन यांनी १९७१मध्ये दाखवले. मग दंशावर ती गोळी घ्यावी? मुळीच नाही. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना बोलावतात तेही याच आम्लापासून झालेल्या निरोपाने. आणि घोणशीच्या विषाने रक्त गोठणे आधीच बिघडलेले असते. उपाय प्रतिविषाचा, तोही रुग्णालयात.