कापशी आणि उडी मारणारा कोळी

बांधावरील बाभळीवर किंवा विजेच्या तारेवर बसलेली कापशी आपण नित्य पाहतों. राखी पाठ, पांढरें पोट, काळे खांदे व लाल डोळे असलेली ही लहान घार हवेंत पंख हालवीत एकाच जागीं स्थिर राहते आणि उंदीर दिसतांच झेप घेते. त्याच शेतांत पानावर याच धंद्याचा दुसरा शिकारी वावरत असतो. परंतु तो नखाएवढाही नसल्यामुळें आपलें लक्ष त्याकडे जात नाहीं. तो उडी मारणारा कोळी होय. भक्ष्यासाठीं तो जाळें विणीत नाहीं. घारीप्रमाणें दृष्टीच्या बळावरच पोट भरतो.

शिकारी पक्ष्यांच्या डोळ्याच्या पडद्यावर एक खोल खळगा असतो. हा खळगा दुर्बिणीच्या भिंगाप्रमाणें प्रतिमा मोठी करितो, असें मत १९७८ सालीं मांडलें गेलें. पुढें १९८० सालीं उडी मारणाऱ्या एका कोळ्याच्या मुख्य डोळ्यांतही तशीच रचना आढळली. या दोन जीवांचे वंश पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं वेगळे झाले. तरी गरज एकच असल्यामुळें निसर्गानें एकच युक्ति दोनदां योजिली.

भेदही थोडे नाहींत. पक्ष्याचे डोळे खोबणींत फारसे हालत नाहींत, म्हणून तो मान वळवितो. कोळ्याला आठ डोळे. पुढील दोन मोठे डोळे स्पष्ट पाहतात, तर बाजूचे व मागचे डोळे चोहोंकडील हालचाल टिपतात. मोठ्या डोळ्याचें भिंग स्थिर असतें, पण त्यामागील पडदा आंतल्या आंत फिरतो. भक्ष्याचें अंतर कोळी पडद्याच्या निरनिराळ्या थरांवरील प्रतिमेच्या अस्पष्टतेवरून ताडतो, असें २०१२ सालीं जपानांतील संशोधकांनीं दाखविलें. तांबड्या प्रकाशांत त्याचा अंदाज चुकून उडी तोकडी पडली! उडीही शरीरांतील द्रवाच्या दाबानें पाय ताठ होऊन घडते. आणि उडण्यापूर्वीं तो आपला धागा पानास चिकटवून ठेवितो.

आतां शेतकऱ्याच्या हिताकडे वळूं. कापशी उंदीर खाते; कोळी तुडतुडे, माश्या व लहान अळ्या मारितो. तो शत्रु-मित्र ओळखीत नाहीं, एखादी उपकारक माशीही धरतो, हें खरें. तथापि एकंदर हिशेबांत लाभ आपलाच आहे. सरसकट फवारणीनें कीड मरते, पण तिचे वैरीही मरतात. मग कीड पुन्हा वाढते आणि तिला आवरणारा कोणी उरत नाहीं. इंडोनेशियांत भातावरील तपकिरी तुडतुड्यांचा असाच उद्रेक झाल्यावर तेथील सरकारनें १९८६ सालीं भातपिकावर ५७ कीटकनाशकांचा वापर बंद केला.

उंदरांच्या विषाचेंही तसेंच. मंद विष खाल्लेला उंदीर कित्येक दिवस फिरतो, आणि तो खाणाऱ्या पक्ष्याच्या पोटांत तेंच विष जातें. यास्तव विष बिळांतच घालावें, मेलेले उंदीर खोल पुरावेत, पिकांत उंच पक्षीथांबे उभारावेत आणि फवारणीपूर्वीं पानें उलटून कीड किती व कोळी किती हें मोजावें. बिनपगारी राखणदारांस आपल्याच हातांनीं मारणें शहाणपणाचें नव्हे.