टेकडी, ठराव आणि हरकत

पुण्यातील मनुष्य पहाटे उठून टेकडीवर जातो, तेव्हा आपण निसर्गाच्या सान्निध्यात जात आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. हातात काठी आणि डोक्याला कानटोपी अशा थाटात तो हनुमान टेकडी चढतो, वेताळ टेकडीच्या माथ्यावर क्षणभर टेकतो, खाली पसरलेल्या शहराकडे पाहून ‘काय होतं आणि काय झालं’ असा उसासा टाकतो आणि ऊन चढू लागले की चहाच्या ओढीने खाली उतरतो. पायाखालची ती टेकडी निसर्गाने उभी केली हे खरे. परंतु तिला उभी ठेवली आहे ती महानगरपालिकेच्या दप्तरातील एका नकाशाने, आणि त्या नकाशावरील एक रेघ थोडी सरकली असती तर आज आपण उभे आहोत तिथे एखाद्या इमारतीचा वाहनतळ असता, हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. विकास आणि पर्यावरण यांची जी खडाजंगी आपण वर्तमानपत्रांतून वाचतो, तिचे मूळ बहुधा अशाच एखाद्या रेघेत असते. आणि ती रेघ कोण ओढते, कशी ओढते, आणि पुसावयाची झाली तर ती कोणत्या वाटेने पुसली जाते, हे समजल्यावाचून त्या खडाजंगीत आपली बाजू कोणती हेही नीट ठरविता येत नाही.

राज्यघटनेच्या ७४व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून अमलात आली, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांसाठी १८ विषय नमूद केले. त्यांतील पहिला विषय नगररचनेचा आणि आठवा नागरी वनीकरणाचा व पर्यावरण-संरक्षणाचा आहे. घर बांधण्यास परवानगी देणे आणि झाड राखणे, ही दोन्ही कर्तव्ये अशा रीतीने एकाच संस्थेच्या पदरी आली. या दोन कर्तव्यांचा मेळ ज्या कागदावर घालावयाचा, त्याला ‘विकास आराखडा’ म्हणतात, कचेरीच्या बोलीत नुसते ‘डीपी’. आणि तो करण्याची रीत १९६६च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने घालून दिली आहे. या नकाशात निवासी भाग पिवळा आणि उद्याने, मोकळ्या जागा, शेती हे हिरव्या रंगात दाखविण्याचा प्रघात आहे. जमिनीच्या दलालांना या रंगांचे मर्म कोणत्याही चित्रकारापेक्षा अधिक उमगलेले असते. ‘जमीन येलोत आहे की ग्रीनमध्ये?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो, कारण त्या उत्तरावर गुंठ्याचा भाव ठरतो. रंगाच्या एका फेरफाराने रातोरात कोणाचे नशीब उघडते आणि कोणाचे मिटते, हे एकदा लक्षात घेतले म्हणजे नकाशाभोवती एवढी गर्दी का जमते याचे नवल वाटेनासे होते.

आराखडा काही एका सभेत, एका ठरावाने होत नाही. प्रथम महानगरपालिका आपला इरादा जाहीर करते, मग जमिनीचा सध्याचा वापर कसा आहे याचा नकाशा तयार होतो, त्यानंतर प्रारूप आराखडा सर्वसाधारण सभेपुढे येतो व प्रसिद्ध होतो, आणि प्रसिद्धीपासून सर्वसाधारणपणे ३० दिवसांच्या मुदतीत नागरिकांकडून हरकती व सूचना मागविल्या जातात. त्या ऐकण्यासाठी जी नियोजन समिती बसते, तीत स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ जाणकार असतात. ही सुनावणी हा एक पाहण्यासारखा प्रकार असतो. टेबलावर नकाशाच्या घड्या उलगडलेल्या असतात, हरकतदार सात-बाराचा उतारा प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढतो, आपला सर्व्हे नंबर बोटाने शोधतो, आणि जन्मभर ज्या वावरात घाम गाळला ते वावर या कागदावर नखाएवढे कसे झाले या विस्मयातून तो बाहेर पडतो न पडतो तोच पुढच्या हरकतदाराचा पुकारा होतो. समितीच्या अहवालानंतर आराखडा पुन्हा सभेकडे आणि तेथून शासनाकडे जातो. अखेरची मोहोर शासनाची.

ही सारी वाट किती लांबू शकते, याचा दाखला पुण्यानेच दिला आहे. कायद्याप्रमाणे निदान २० वर्षांतून एकदा आराखड्याची सुधारणा झाली पाहिजे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ सालचा. त्याच्या सुधारणेचे काम २००७ मध्ये सुरू झाले, प्रारूप २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यावर ८७ हजारांहून अधिक हरकती-सूचना आल्या. विहित मुदतीत काम न आटोपल्याने मार्च २०१५ मध्ये शासनाने तो आराखडा आपल्या हाती घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये मंजूर केला. २००७ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेले शहराचे चित्र असे निम्मा कालावधी सरल्यावर भिंतीवर लागले. मधल्या काळात शहर काही थांबलेले नव्हते. आराखड्याची वाट न पाहता जे उभे राहावयाचे ते उभे राहिले, आणि नव्या आराखड्याला पुष्कळ ठिकाणी झालेल्या गोष्टीची केवळ नोंद घ्यावी लागली.

परंतु या दप्तरदिरंगाईची खरी किंमत कोणी मोजली असेल तर ती टेकड्यांनी. जुन्या हद्दीत डोंगरमाथा-डोंगरउताराची तरतूद होती. जिथे पाच फुटांच्या अंतरात एक फुटाहून अधिक चढ आहे, म्हणजे उतार १:५ हून तीव्र आहे, तिथे बांधकाम नाही, असा तिचा सुबोध अर्थ. १९९७ मध्ये भोवतालची गावे महानगरपालिकेत आली आणि त्यांतील जी २३ अखेर टिकली, त्यांचा आराखडा करताना सुमारे ९७८ हेक्टर टेकड्यांवर ‘जैववैविध्य उद्यान’ असे आरक्षण टाकण्याचा प्रस्ताव पुढे आला. ‘बीडीपी’ या तीन अक्षरांनी तो पुण्यात घरोघर पोहोचला. माजी महापौर वंदना चव्हाण यांच्यासह अनेक नागरिक आणि संस्था त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दुसरीकडे, या टेकड्यांची बरीचशी जमीन खासगी मालकीची असल्याने, निदान थोड्या टक्क्यांपुरते तरी बांधकाम करू द्यावे, असा आग्रह धरणारेही कमी नव्हते. मसलती झाल्या, मोर्चे निघाले, सरकारे बदलली, आणि आराखड्याचे इतर भाग मंजूर होत असता टेकड्यांचा हा प्रश्न मात्र पुढे ढकलला जात राहिला. अखेर २०१५ मध्ये शासनाने हे आरक्षण मंजूर केले. टेकडीच्या बाजूने झालेला हा मोठा निर्णय होता, यात शंका नाही.

निर्णय झाला, आता मोबदल्याचे पाहू, कारण हिरव्या शाईची किंमत तिथेच कळते. आरक्षित जमीन मिळविण्यासाठी महानगरपालिकेला एकतर रोख पैसा मोजावा लागतो, नाहीतर हस्तांतरणीय विकासहक्क, म्हणजे ‘टीडीआर’ द्यावा लागतो: मालकाने जमीन द्यावी आणि तिच्या बदल्यात दुसरीकडे बांधता येईल अशा चटईक्षेत्राचा दाखला घ्यावा. बीडीपीसाठी हा मोबदला ८ टक्के ठरला. १०,००० चौरस मीटर, म्हणजे एक हेक्टर जमीन देणाऱ्याच्या हाती ८०० चौरस मीटरचा दाखला पडावयाचा. साध्या उद्यानाच्या आरक्षणात मिळणाऱ्या टीडीआरच्या मानाने हे माप फारच तोकडे. ज्याच्या आज्याने त्या मुरमाड उतारावर गुरे चारली, त्या जमीनधारकाला शहराच्या शुद्ध हवेसाठी एवढ्यावर समाधान मान, असे सांगणे सोपे नाही; आणि जो मालक स्वखुशीने जमीन देत नाही आणि पालिका ती विकत घेत नाही, त्याची टेकडी नकाशात उद्यान आणि प्रत्यक्षात बेवारस अशा विचित्र अवस्थेत लोंबकळत राहते. रात्रीतून मुरूम उपसणारे, आणि एक-एक गुंठ्याचे तुकडे पाडून नोटरीच्या कागदावर विकणारे, यांचे फावते ते याच अवस्थेत. तिथे पोटाला चिमटा घेऊन घर बांधणारा गरीब कायद्याने अतिक्रमक ठरतो. तुकडे विकणारा तोवर दुसऱ्या डोंगराकडे वळलेला असतो.

यात भर म्हणून कायद्यातले कलम १२७. आरक्षण टाकल्यापासून १० वर्षांत जमीन संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर ठराविक मुदतीत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द झाले असे धरले जाते. न्यायाच्या दृष्टीने हे कलम वाजवीच आहे, कारण कोणाची जमीन न घेता, न सोडता, पिढ्यान्‌पिढ्या अडकवून ठेवणे हा अन्याय होय. परंतु त्याचा अर्थ असाही आहे की शहरातील उद्यान मोडण्यासाठी ते मोडण्याचा ठराव करण्याची गरज नसते. काहीच न करणे पुरेसे असते. २०१५ मध्ये १० मिळविले की २०२५ होतात, हे गणित टेकडीवर फिरावयास जाणाऱ्या प्रत्येकाला बोटांवर करता येण्यासारखे आहे.

झाडांची कथा टेकड्यांच्या उलट, कारण तिथे दिरंगाईपेक्षा घाईचे भय अधिक. महाराष्ट्राचा १९७५चा नागरी क्षेत्रातील वृक्षसंरक्षणाचा कायदा वृक्ष प्राधिकरण नेमावयास लावतो, आणि झाड तोडण्यापूर्वी वर्तमानपत्रात व खुद्द त्या झाडावर दिसेल अशी नोटीस लावण्यास सांगतो. आपल्याच मृत्यूचे फर्मान छातीवर वागवीत उभे असलेले हे झाड, आणि पावसाने शाई ओघळल्यामुळे वाचता न येणारे ते फर्मान, हे दृश्य शहरवासीयांना अपरिचित नाही. २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील झाडांना वारसावृक्षाचा मान दिला, आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत असे ठरविले. तत्पूर्वी २०१९ मध्ये मुंबईच्या वृक्ष प्राधिकरणाने आरे येथील मेट्रो-कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्यास व ४६१ झाडांच्या पुनर्रोपणास मंजुरी दिली होती. ४ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती चालू झाल्या, आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविण्यास सांगितले तोवर २,१४१ झाडे पडली होती. मेट्रो हवी की झाडे, हा वाद सज्जनांतही होऊ शकतो. पण न्यायाचा उंबरठा ओलांडावयास जो अवधी लागतो तेवढाही झाडाला मिळू नये, याचे समर्थन करणे कठीण आहे.

आता कोणी म्हणेल की नगरसेवक नीट निवडून दिले म्हणजे झाले. ते आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. सभेचा ठराव कायद्याविरुद्ध वा लोकहिताविरुद्ध वाटल्यास शासन तो ‘विखंडित’ करू शकते. अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे असतात. आणि मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर तर पुणे-मुंबईचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनीच पाहिला, म्हणजे प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता. अशा काळात नागरिकाची हरकत हीच काय ती विरोधी बाजू उरते.

आणि हा प्रश्न केवळ फिरावयास जाणाऱ्यांच्या हौसेचा आहे, असे समजणाऱ्याने आंबिल ओढ्याचे स्मरण करावे. कात्रजच्या डोंगरातून येणारा हा ओढा पेशवाईत वळविला गेला आणि कात्रजच्या तलावातून नळाने शहरास पाणी मिळाले. पाण्याची वाट बदलायची तर डोंगरापासून विचार करावा लागतो, हे त्या कारभाऱ्यांना ठाऊक होते. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री मुसळधार पावसाने हाच ओढा भिंती फोडून वस्त्यांत शिरला, आणि पुण्यात व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. त्या रात्री पाऊस विलक्षण होता हे खरे. पण उतारावरचे गवत आणि झुडपे पाणी धरतात, मुरूम ते मुरवितो, आणि उतार उघडा पडला वा काँक्रीटने झाकला की तेच पाणी एकदम ओढ्यात येते, ओढा अरुंद केलेला असतो, आणि त्याचा हिशेब शेवटी ओढ्याकाठच्या घरांना चुकवावा लागतो. माथ्यावरची रेघ कुठे आहे, यावर पायथ्याशी कोणाच्या घरात पाणी शिरेल हे काही अंशी ठरलेले असते.

कायद्याने आयुक्तांवर दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराचा पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल सभेपुढे ठेवण्याचे बंधन घातले आहे. तो मागून वाचावा. आपल्या भागाचा आराखडा-नकाशा एकदा डोळ्यांखालून घालावा, घराजवळच्या टेकडीवर आणि ओढ्यावर कोणता रंग आहे व तो कोणत्या सालचा आहे, हे टिपून ठेवावे. फेरफाराची सूचना वर्तमानपत्रात बारीक टाइपात, निविदांच्या शेजारी छापलेली असते. चहाच्या पेल्याबरोबर तेवढा रकाना वाचण्याची सवय लावून घ्यावी. टेकडी वाचविण्यासाठी करवतीपुढे उभे राहण्याचे धैर्य प्रत्येकाला असेलच असे नाही, आणि बहुधा तोवर उशीर झालेला असतो. मुदतीच्या आत, सर्व्हे नंबर घालून, एका कागदावर लिहिलेली हरकत मात्र कोणालाही देता येते. तिची पोच घेण्यास तेवढे विसरू नये.