स्टेम सेलचं इंजेक्शन घेण्याआधी

पोराच्या पोटऱ्या पैलवानासारख्या भरल्यात म्हणून आईबाप खूश असतात. तोच पाच-सहा वर्षांचा पोरगा जमिनीवरून उठताना गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकत उभा राहतो, तेव्हा मला धास्ती वाटते. नागपुरात लहान मुलांची फिजिओथेरपी करताना चंद्रपूर, भंडारा, यवतमाळहून आलेली अशी मुलं मी पाहते. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या आजाराचं निदान होतं आणि बाप मोबाइल पुढे करतो, ‘‘मॅडम, हे स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन पाहू काय? वावर विकून टाकतो.’’

स्नायूंत स्टेम सेल असतात, हे खरं आहे. १९६१ साली न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर मॉरो यांना त्या बेडकाच्या स्नायूत, तंतू आणि त्याच्या आवरणामधल्या फटीत दिसल्या. त्यांना सॅटेलाइट पेशी म्हणतात. एरवी त्या झोपलेल्या असतात. इजा झाली की जागतात, वाढतात, फाटलेल्या तंतूत मिसळून तो सांधतात. काही पुढच्या इजेसाठी पुन्हा झोपी जातात. क्रिकेट खेळताना दुखावलेली मांडी भरून येते ती यांच्यामुळेच.

ड्युशेनमध्ये डिस्ट्रोफिन हे प्रथिनच बनत नाही. त्याच्याविना तंतूचं आवरण रोजच्या हालचालींनीही फाटतं. पेशी सांधत राहतात, पण दोष त्यांच्या जनुकांतही असतो, म्हणून नवा तंतूही कच्चाच. हळूहळू स्नायूच्या जागी चरबी भरते. पोटऱ्या जाड दिसतात, त्यात या चरबीचाही वाटा असतो.

मग निरोगी माणसाच्या पेशी टोचल्या तर? १९९०च्या दशकात परदेशात ते करून पाहिलं. बहुतेक पेशी लवकरच मेल्या. उरलेल्या सुईच्या वाटेपासून फारशा पुढे सरकल्या नाहीत. मुलांच्या ताकदीत सांगण्याजोगा फरक पडला नाही. आणि श्वासाचा पडदा, हृदय, तिथे किती सुया टोचणार? संशोधन चालू आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत ज्योत्स्ना धवन यांनी या पेशी झोपतात कशा, जागतात कशा, यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. माझा भरवसा अशा सावकाश कामावर आहे. बाजारात विकतात ती इंजेक्शनं तर या सॅटेलाइट पेशींचीही नसतात, बहुधा अस्थिमज्जेतल्या किंवा चरबीतल्या पेशींची असतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताचे ठरावीक आजार सोडले, तर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर स्टेम सेल उपचार करता येत नाहीत. कुणी सुचवलाच, तर सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा. चाचणीसाठी पैसे मागितले तर उठून या. वावर विकू नका. डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने बंद करू नका, टाचा रोज ताणून द्या, आणि हृदयाची इको तपासणी दरवर्षी करा.