सामू : थेंबाचा रंग खरा, पण अर्थ?

रमजानला महिनाभर अवकाश होता. शेजारच्या खालाजानकडे पाणी 'अल्कलाइन' करणारे यंत्र विकायला एक तरुण आला होता. त्याने दोन ग्लास मांडले. एकात घरातल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्रातले. दोन्हींत त्याने कसलेसे थेंब टाकले. नळाचे पाणी पिवळसर हिरवे झाले, यंत्राचे निळेशार. "बघा, तुम्ही रोज हे अ‍ॅसिड पिता. सगळे आजार यातूनच होतात. आमचे पाणी प्या, हळूहळू बीपीची गोळीही सुटेल," तो म्हणाला.

खालाजान घाबरल्या. उमराहसाठी जमवलेल्या पैशांतून यंत्र घ्यायचे त्यांच्या मनात आले. त्यांनी आम्हाला बोलावले. "बेटा, तुम्ही शाळेत हेच शिकवता ना? सांगा, खरे काय?"

थेंबांचा रंग खरा होता. त्याचा सांगितलेला अर्थ खोटा होता. हा फरक कळायला सामू, म्हणजेच पीएच, समजून घ्यावा लागतो.

पाण्यात विरघळलेल्या पदार्थाची आम्लता त्यातल्या हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावर ठरते. हे प्रमाण फार लहान असते. २५ अंश सेल्सिअसला एक लिटर शुद्ध पाण्यात ते एका मोलच्या एक कोटीव्या भागाइतके असते. मोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातले माप. एक कोटी लिहिताना एकावर सात शून्ये येतात, म्हणून शुद्ध पाण्याचा सामू ७. लिंबाच्या रसात हेच प्रमाण साधारण शंभरावा भाग असते. शंभरात शून्ये दोन, म्हणून सामू २. सामू म्हणजे या शून्यांची मोजणी. गणिताच्या भाषेत यालाच ऋण लॉगॅरिदम म्हणतात.

यावरून दोन गोष्टी कळतात. आकडा जितका लहान, तितकी आम्लता जास्त. आणि आकड्यात एकाचा फरक म्हणजे प्रत्यक्षात दहापट फरक. लिंबूरस आणि शुद्ध पाणी यांत पाच आकड्यांचे अंतर दिसते, पण ते एक लाख पटींचे असते. सातच्या खाली आम्ल, सातला उदासीन, सातच्या वर आम्लारी. दूध साधारण ६.६, अंगाचा साबण ९ ते १०.

पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला आपण अल्क म्हणतो. हा शब्द अरबीतल्या 'अल-किली'वरून आला. खाऱ्या जमिनीतल्या वनस्पती जाळून मिळणाऱ्या राखेचे हे नाव. ही राख साबण आणि काच बनवायला वापरत. सामूचे माप मात्र अलीकडचे आहे. सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ते मांडले. ते कोपनहेगनमध्ये कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करत आणि प्रथिने व विकरे यांचा अभ्यास करत. विकरांचे काम आम्लतेच्या जराशा फरकानेही बदलते, म्हणून त्यांना नेमके माप हवे होते.

मोजायचे कसे? सगळ्यात जुना मार्ग रंगाचा. कोरम्याचा हळदीचा डाग साबण लागताच लालसर होतो, हे प्रत्येक घरात पाहिलेले असते. हळद हा दर्शकच आहे. आम्लात आणि साध्या पाण्यात ती पिवळी राहते, आम्लारीत लाल होते. लिटमस आम्लात तांबडा, आम्लारीत निळा होतो. वैश्विक दर्शकात अनेक रंगद्रव्ये मिसळलेली असतात, त्यामुळे रंगपट्टीशी ताडून अंदाजे आकडा सांगता येतो.

पण रंग कधी कधी दगा देतो. कॅलिफोर्नियात लिंबाच्या रसात टिकाऊपणासाठी सल्फर डायऑक्साइड घालत, त्याने लिटमसचा रंगच उडून जाई. ही अडचण सोडवताना अर्नोल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये विजेवर चालणारा सामूमापक तयार केला. त्यात काचेचा पातळ फुगा असलेली कांडी द्रावात बुडवतात. काचेच्या आतबाहेरच्या हायड्रोजन आयनांतल्या फरकाने सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि यंत्र त्यावरून आकडा दाखवते. मोजण्याआधी कांडी ४, ७ आणि १० अशा ठरलेल्या सामूच्या द्रावणांत तपासून घेतात. तराजू आधी रिकामा ठेवून काटा पाहतात, तसेच हे.

आता खालाजानच्या ग्लासांकडे वळू. आम्ही स्वयंपाकघरातून खाण्याचा सोडा मागवला आणि नळाच्या पाण्याच्या ग्लासात चिमूटभर टाकून ढवळला. पाणी निळे झाले. तो तरुण गप्प बसला. थेंबांनी फक्त सामू दाखवला होता. पाण्यात जंतू आहेत का, नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त आहे का, यातले काहीच तो रंग सांगत नाही. पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा असे भारतीय मानक सांगते. पिवळसर हिरवा रंग त्याच मर्यादेतला होता.

आणि रक्त? निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. रक्तातले बायकार्बोनेट जास्तीचे आम्ल शोषून घेते, फुप्फुसे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतात, मूत्रपिंडे उरलेले आम्ल लघवीतून काढतात. आपण लिंबू सरबत पिऊ की सोड्याचे पाणी, ही व्यवस्था रक्त जागच्या जागी ठेवते. शिवाय प्यालेले पाणी आधी जठरात जाते आणि तिथला सामू साधारण १.५ ते ३.५ असतो. हा समतोल ही अल्लाहची नेमत आहे, ती यंत्रातून विकत मिळत नाही. रक्ताचा सामू खरोखर ढळला तर तो गंभीर आजार असतो आणि माणसाला तातडीने दवाखान्यात न्यावे लागते.

खालाजानना आम्ही एवढेच सांगितले : गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. पाण्याची शंका असेल तर उकळून प्या आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. मुलाबाळांनाही हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करून द्या. साबण, लिंबू, धुण्याचा सोडा त्यांनी स्वतः तपासावा. ज्याने एकदा हाताने मोजले, तो रंग बघून घाबरत नाही.

सूरह रहमानमध्ये मीझानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे. कमी तोलणे हा गुन्हा आहे, हे आपण जाणतो. बरोबर तोलून त्याचा खोटा अर्थ सांगणे हीही फसवणूकच. तो तरुण यंत्र उचलून गेला. उमराहचे पैसे खालाजानच्या पेटीतच राहिले.